अंब्रेला कंपनीचे आठ महिने: 500 पौंडांपैकी हातात किती?

लंडनच्या इन्व्हेस्टमेंट बँकांमध्ये मी अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काम करतेय, बहुतेक वेळा सेटलमेंट आणि रिस्कच्या सिस्टिम्सवर, जावामध्ये. आधी स्वतःची लिमिटेड कंपनी होती. एप्रिल 2021मध्ये आयआर35चे (स्वतःच्या कंपनीमार्फत नोकरासारखं काम करणाऱ्यांकडून नोकरदारासारखाच टॅक्स घेणारे) बदललेले नियम खाजगी क्षेत्राला लागू झाले आणि कॉन्ट्रॅक्टर खरोखर स्वतंत्र आहे की नोकरासारखाच, हे ठरवायची जबाबदारी बँकांवर आली. बऱ्याच बँकांनी लिमिटेड कंपनीवाले घेणंच बंद केलं. तेव्हापासून आमच्यासारख्यांना अंब्रेला, म्हणजे कागदोपत्री आपल्याला नोकरीवर ठेवून, एजंटकडून रेट घेऊन, टॅक्स वगैरे कापून पगार देणारी मधली कंपनी. मे ते डिसेंबर 2025 कॅनरी वॉर्फला काम केलं, तेव्हा काम मिळवून देणाऱ्या एजंटच्या यादीतून निवडलेल्या अंब्रेला कंपनीचा हा अनुभव. नाव लिहीत नाही, कारण एक तक्रार आहे आणि ती त्यांनी निस्तरली.

रेट होता दिवसाला 500 पौंड, आठवड्याचे 2,500. हा पगार नव्हे, हे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. पहिल्या शुक्रवारी पेस्लिपसोबत हिशोबाचा वेगळा कागद आला, आणि ही कंपनी मला आवडली ती त्या कागदामुळे. वर 2,500. त्यातून कंपनीचं मार्जिन, म्हणजे त्यांची फी, 20. मग एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावर सरकारला भरायची सामाजिक सुरक्षेची वर्गणी) सुमारे 310, कारण एप्रिल 2025पासून तो 15 टक्के झालाय आणि अंब्रेलात तो आपल्याच रेटमधून जातो. मग अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे प्रशिक्षणासाठी मोठ्या एम्प्लॉयरवर असलेला कर, 11. उरले साधारण 2,160, आणि हा खरा ग्रॉस. त्यावर माझा टॅक्स आणि माझा नॅशनल इन्शुरन्स गेल्यावर, नेहमीच्या 1257एल टॅक्स कोडवर (म्हणजे वर्षाला 12,570 पौंड करमुक्त धरून), हातात साडेचौदाशेच्या आसपास. आधीच्या एका अंब्रेलाने हे सगळं ‘वजावट’ या एकाच ओळीत उरकलं होतं. इथे एक ओळ कळली नाही म्हणून फोन केला तर पेरोलमधल्या बाईंनी वीस मिनिटं कागद समोर धरून आकडे लावून दाखवले.

पेन्शनच्या बाबतीत तर पैकीच्या पैकी मार्क. सॅलरी सॅक्रिफाइस (पगाराचा काही भाग टॅक्स लागण्याआधीच पेन्शनमध्ये वळवणं) घेतला तर वाचणारा एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्सही ते पूर्ण तुमच्या पेन्शनमध्ये टाकतात. माझ्या 2,500मधले 300 पेन्शनला गेले, तेव्हा हातातले जेमतेम 150 कमी झाले. अंब्रेला निवडताना हा प्रश्न विचाराच. मार्जिनच्या दोन-चार पौंडांवर घासाघीस करण्यापेक्षा इथे कितीतरी जास्त वाचतं.

आता तक्रार. हॉलिडे पे, म्हणजे सुट्टीचा पगार, मूळ पगाराच्या 12.07 टक्क्यांनी धरतात आणि तोही त्या 2,160च्या आतलाच असतो. म्हणजे तो वरचा बोनस नाही, तुमचेच पैसे आहेत. तो दर आठवड्याला पगारासोबत घ्यायचा की साठवायचा, ही निवड फॉर्मवर होती, पण ‘साठवा’वर आधीच खूण केलेली होती आणि माझ्याकडून ते नजरेतून सुटलं. पहिली पेस्लिप साडेचौदाशेची नव्हतीच, ती खूप कमी होती. मला वाटलं इमर्जन्सी टॅक्स कोड (नव्या नोकरीत नीट माहिती मिळेपर्यंत लावलेला तात्पुरता कोड) असेल. सहा आठवडे आठवड्याला 230 पौंड बाजूला पडत होते. कळल्यावर तीन ईमेल आणि दोन फोन झाले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी गोष्ट पहिल्यापासून. कळल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ 1,400 पौंड ग्रॉस एकदम जमा झाले, टॅक्स कापून. हक्काच्या पैशांसाठी इतकं मागे लागायला लावणं मला पटलं नाही. ज्यांना एवढं खोदायची सवय नाही, त्यांचं काय होत असेल याचा विचार करून त्रास होतो.

की इन्फर्मेशन डॉक्युमेंट, म्हणजे रेटपासून नेट पगारापर्यंतचा नमुना हिशोब, एजंटने करारावर सही करण्याआधी द्यायला हवा. एप्रिल 2020पासून तो नियम आहे. माझ्या एजंटने सहीनंतर पाठवला. तो आधी मागा. आणि कोणी ‘हातात 80-85 टक्के’ म्हणालं तर फोन ठेवा. असल्या योजनांमध्ये पगाराचा मोठा भाग कर्ज म्हणून दाखवतात. 2019च्या लोन चार्जमध्ये, म्हणजे असल्या कर्जांवर लावलेल्या करात, हजारो कॉन्ट्रॅक्टरांना मागच्या अनेक वर्षांचा टॅक्स एकरकमी आला.

टाइमशीट सोमवारी दुपारी बारापर्यंत मंजूर हवी, तरच शुक्रवारी पैसे. मंथ-एंडला माझा मॅनेजर डेस्कवर सापडत नसे, पण एकदाही पैसे चुकले नाहीत. डिसेंबरमध्ये बँकेने कॉन्ट्रॅक्टरांना दोन आठवडे बिनपगारी सक्तीची सुट्टी दिली, तेव्हा त्यांनी स्वतःहून कळवलं की त्या आठवड्यांना मार्जिन लागणार नाही. पाचपैकी चार. एक गुण त्या आधीच केलेल्या खुणेसाठी कापला. जानेवारीत दुसऱ्या एजंटचा 525चा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला: हा अंब्रेला रेट आहे की तुमच्या पेरोलवरचा पीएवायई रेट, ज्यातून एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स जात नाही?