संपादनाचा भाग अव्वल, करिअर मार्गदर्शन सुमार: लिबरल आर्ट्सच्या पदवीधरांसाठीच्या माध्यम अभ्यासक्रमाचे परीक्षण

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र असे विषय घेऊन पदवी मिळवलेल्यांना बातमीदारी, संपादन आणि पॉडकास्ट या क्षेत्रांत शिरता यावे, यासाठी हा ऑनलाइन अभ्यासक्रम आखला आहे. मी इतिहासाची पदवीधर आहे आणि तो पूर्ण केला आहे. मत आधीच सांगून टाकते: लेखन-संपादनाच्या भागात शुल्क वसूल होते, ध्वनिमुद्रणाचा भाग कामचलाऊ आहे आणि ‘करिअर मार्गदर्शन’ वगळले तरी काही बिघडत नाही.

संपादनाच्या वर्गात दर आठवड्याला कच्च्या मजकुराचा एक गठ्ठा हाती पडतो. त्यात एखादे प्रसिद्धिपत्रक, बैठकीचे इतिवृत्त, मुलाखतीचे शब्दांकन आणि आकड्यांचा एखादा तक्ता असतो. त्यातून ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या शब्दसंख्येची कॉपी, म्हणजे छापण्याजोगा बातमीचा मजकूर, द्यायची असते. उशीर झाला तर ती तपासली जात नाही. विनवणीचा उपयोग होत नाही. निबंधासाठी आठवडे मिळण्याची सवय असलेल्या आमच्यासारख्यांना ही शिस्त जाचक वाटते, पण ती लावून देण्यासाठीच तर हा वर्ग आहे. तपासणी करणारे सगळे प्रत्यक्ष वृत्तसंपादनाच्या डेस्कवर काम केलेले आहेत, हे त्यांच्या शेऱ्यांवरून लगेच कळते. सर्वांसमोर तपासायला घेतलेल्या एका कॉपीत वाचनालय बंद करण्याच्या निर्णयाची बातमी होती. वाचनालयाची स्थापना, वाढ आणि घटलेली सभासदसंख्या असा सगळा प्रवास चार परिच्छेदांत नीट क्रमाने मांडलेला होता आणि ते बंद होणार हे पाचव्यात आले होते. संपादिकेने समासात एवढेच लिहिले: ‘बातमी पाचव्या परिच्छेदात का लपली आहे?’ मग तिने पाचवा परिच्छेद उचलून इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीला, आणला, मधले दोन एका वाक्यात आणले आणि उलट्या पिरॅमिडची, म्हणजे सर्वांत महत्त्वाचे आधी आणि तपशील नंतर अशी रचना अजून का टिकून आहे ते समजावले. छापील पानावर जागा कमी पडली की कॉपी खालून कापली जाते आणि फोनवरचे बरेच वाचक पहिल्या पडद्यापलीकडे जात नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे महत्त्वाचे ते वरच असावे लागते. घटनाक्रमाने लिहिण्याची आमची सवय इतकी थेट हेरणारा शिक्षक मला पदवीच्या काळात भेटला नव्हता.

आकड्यांचे सत्रही तितकेच मोलाचे आहे. एखादा दर १२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला, तर तो ३ टक्क्यांनी घटला असे लिहिणे चूक आहे. घट ३ टक्केबिंदूंची, म्हणजे मूळ दराच्या तुलनेत २५ टक्क्यांची असते. सरासरी आणि मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) यांतला फरकही अशाच उदाहरणांतून येतो: मोजक्या गलेलठ्ठ पगारांमुळे सरासरी वर चढते आणि ‘सामान्य कर्मचाऱ्याचा पगार’ म्हणून भलताच आकडा छापला जातो. कला शाखेकडे वळणाऱ्यांपैकी बरेच जण गणिताला रामराम ठोकून आलेले असतात, त्यामुळे हे सत्र एकच असावे याचे वाईट वाटते. तीन तरी हवी होती.

या अभ्यासक्रमाची खरी ताकद मात्र पडताळणीच्या वर्गात दिसते, कारण तिथे आमची पदवी थेट कामाला येते. हा कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशासाठी लिहिला आणि लिहिणाऱ्याला ते माहीत असण्याची शक्यता किती, हे प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नसतात. इथे तेच प्रश्न व्हायरल छायाचित्राला विचारायला शिकवतात. रिव्हर्स इमेज सर्चने, म्हणजे चित्रावरूनच इंटरनेटवर शोध घेऊन, चित्राचे सर्वांत जुने रूप शोधायचे, सावल्यांची दिशा आणि पाट्यांवरील मजकूर पाहायचा, त्या दिवशीच्या हवामानाशी दृश्य ताडून बघायचे. छायाचित्राच्या फाइलमधील एक्झिफ माहिती (ते केव्हा, कोणत्या कॅमेऱ्याने काढले अशी नोंद) समाजमाध्यमांवर चढवताना बहुधा गळून पडते, म्हणून शक्य तेव्हा मूळ फाइलच मागावी, असे बजावले जाते. ‘ऑफ द रेकॉर्ड’च्या, म्हणजे सांगितलेले छापायचे नाही अशा, अटी बोलणे सुरू होण्यापूर्वीच ठरवायच्या असतात, बोलून झाल्यावर एकतर्फी लावता येत नाहीत, हेही इथेच शिकवले जाते.

इतके चांगले शिकवणारी ही मंडळी करिअर मार्गदर्शनाच्या भागात एकदम बिचकल्यासारखी का वागतात, हे कोडे मला सुटलेले नाही. तिथला सूर असा की तुमची पदवी हे एक वैगुण्य आहे आणि ते ‘सर्जनशील’, ‘चिकित्सक’ अशा विशेषणांनी झाकले पाहिजे. हा इतिहासालाही धरून नाही. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय १९०८ मध्ये सुरू झाले आणि वृत्तपत्रांचे मालक जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून तिथल्याच कोलंबिया विद्यापीठातील विद्यालय १९१२ मध्ये उघडले. पण अशा शिक्षणाची बाजू मांडताना १९०४ मध्ये खुद्द पुलित्झर यांनी पत्रकाराने जे शिकावे असे सांगितले, त्यात इतिहास, साहित्य, कायदा, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्रही होते. म्हणजे यातला बराचसा भाग आम्ही शिकूनच आलेलो असतो. उणीव असते ती आकड्यांची आणि घड्याळाची.

परिचयपत्राच्या सजावटीवर खर्च होणारा वेळ पिचवर, म्हणजे संपादकापुढे लेखाचा प्रस्ताव मांडण्यावर, द्यायला हवा होता. संपादकाला पाठवायच्या टिपणात नवे काय आहे, ते आत्ताच का छापावे, कोणाकोणाशी बोलणार, किती शब्दांत आणि कधी देणार, हे दहा-बारा ओळींत बसवणे ही मुक्त पत्रकाराची रोजची गरज आहे. इथे त्यासाठी एक तयार नमुना हाती दिला जातो, आणि तोही इतका गुळगुळीत की कोणत्याही विषयावर चिकटवता यावा! त्याहून मोठी अडचण पोर्टफोलिओची. वर्गातला सगळा कच्चा मजकूर कल्पित असल्यामुळे इतक्या कसून तपासलेल्या कॉप्या प्रसिद्ध झालेले काम म्हणून कोणाला दाखवता येत नाहीत. एखादी खरी बातमी करून आणण्याची अट घातली असती, तर शिकणारा निदान एक बायलाइन, म्हणजे स्वतःच्या नावाने छापलेली बातमी, घेऊन बाहेर पडला असता. माझा ईमेल याबाबतीत अनुत्तरित राहिला.

ध्वनिमुद्रणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मुलाखत झाल्यावर खोलीतली शांतता अर्धा मिनिट वेगळी मुद्रित करून ठेवावी, म्हणजे जोडकामात सांधे कळत नाहीत, ही सूचना उपयोगाची आहे. पॉडकास्टसाठी साधारण उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) आणि युरोपीय प्रसारणाच्या मानकानुसार उणे २३ एलयूएफएस ही आवाजाची पातळीही सांगितली जाते. मात्र तपासणी यंत्रावर सोपवलेली असल्याने प्रश्न चांगला विचारला की नाही, यावर कोणी काही बोलत नाही.

शुल्क महिन्याच्या हिशेबाने भरण्याची सोय आहे. संपादन आणि पडताळणी हे दोन भाग आधी घ्यावेत आणि ते संपले की नोंदणी थांबवावी. प्रमाणपत्रासाठी पुढचे महिने भरत बसू नये.