गर्भधारणेपूर्वीचे ‘टॉर्च आणि जनुकीय जोखीम’ पॅकेज: काय घ्यावे, काय सोडावे

पुण्यातील एका खासगी प्रयोगशाळेचे हे पॅकेज मी गर्भधारणेचा निर्णय घेण्याआधी घेतले. त्यात टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो विषाणू (सीएमव्ही) आणि हर्पिस यांच्या प्रतिपिंडांची ‘टॉर्च’ तपासणी होते. तिच्या जोडीला, विषाणुसंसर्ग झाल्यास बाळात जन्मदोष येण्याची आईची जनुकीय जोखीम किती, हे सांगणारा अहवाल मिळतो. घरी येऊन रक्त घेणे, वेळ पाळणे आणि रिपोर्ट वेळेत पाठवणे या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

पॅकेजमधील सर्वांत मोलाची चाचणी रुबेला आयजीजी ही आहे; आधीच्या संसर्गानंतर किंवा लसीनंतर रक्तात टिकून राहिलेली संरक्षक प्रतिपिंडे ती मोजते. गरोदरपणी झालेल्या रुबेलाचा बाळाच्या मोतीबिंदूशी असलेला संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये दाखवून दिला. पहिल्या बारा आठवड्यांत आईला हा संसर्ग झाला, तर बाळाचे डोळे, हृदय किंवा श्रवणशक्ती यांना इजा होण्याची शक्यता 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीस गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली, पण ती नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयोगटासाठी होती. त्यामुळे आज तिशीच्या आसपास असलेल्या आणि लहानपणी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस न मिळालेल्या स्त्रिया त्या मोहिमेबाहेरच राहिल्या. ही लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणी देता येत नाही आणि ती घेतल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते, म्हणून ही चाचणी आधीच करून घेण्याला खरा अर्थ आहे.

जनुकीय अहवालाविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे, आणि पॅकेजच्या किमतीतला मोठा वाटा त्याचाच असल्यामुळे ते सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते. आईच्या जनुकांचा या विषयाशी संबंध नाही, असे कोणीही म्हणणार नाही. रुबेलाच्या लसीला शरीर किती प्रतिपिंडे तयार करून उत्तर देते, यात एचएलए (रोगप्रतिकारशक्तीशी निगडित) जनुकांचा वाटा असतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. परंतु तो परिणाम आयजीजीच्या आकड्यात आपोआप उतरतोच. प्रतिपिंडे पुरेशी आहेत हे थेट मोजता येत असताना जनुकांवरून त्यांचा अंदाज बांधण्यासाठी निराळे पैसे का मोजावेत, याचे उत्तर अहवालात नाही.

शिवाय बाळाला इजा होईल की नाही, हे एकट्या आईवर ठरत नाही. ब्राझीलमधील झिका या डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूच्या साथीनंतर साओ पाउलो विद्यापीठातील मायाना झात्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी जुळी होती, ज्यांतले एक बाळ बाधित आणि दुसरे निरोगी जन्माला आले. आई एक, गर्भाशय एक, संसर्गही एकच. तरीही बाधित बाळांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या मेंदूच्या पूर्वपेशींमध्ये विषाणू अधिक वाढला आणि त्या पेशींची वाढ अधिक खुंटली. बाळाची स्वतःची जनुके, वारेची अवस्था आणि संसर्ग कितव्या आठवड्यात झाला हे सारे सोडून केवळ आईच्या रक्तावरून ‘मध्यम जोखीम’ असा शेरा मारणे मला घाईचे आणि क्लेशदायक वाटते. एखाद्या बाळात दोष निघालाच, तर अशा कागदाच्या आधारे घरातली माणसे सुनेला बोल लावतील, ही भीती आपल्याकडे मुळीच काल्पनिक नाही.

सीएमव्हीच्या आयजीएम (संसर्गानंतर सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडे) चाचणीचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ असा लाल अक्षरांत आला, सोबत एका ओळीचेही स्पष्टीकरण नव्हते. नंतर एका रुग्णालयातील जनुकीय समुपदेशकांनी शांतपणे समजावले, की आयजीएम कित्येक महिने रक्तात टिकू शकते आणि खोटा निकालही देऊ शकते. संसर्ग ताजा की जुना, हे ठरवण्यासाठी आयजीजी ॲव्हिडिटी (प्रतिपिंडे विषाणूला किती घट्ट चिकटतात हे मोजणारी) ही पुढची चाचणी लागते. ती या पॅकेजमध्ये नाही, याला मी गंभीर उणीव मानते. जिथे आयजीएमचा निकाल हाती दिला जातो, तिथे ॲव्हिडिटीची सोय आणि डॉक्टरांशी बोलण्याची वेळ दोन्ही असायलाच हवीत.

2024 मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले आणि त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या, तरीही पुण्यातच विकल्या जाणाऱ्या या पॅकेजच्या माहितीपत्रकात झिकाचा उल्लेख नाही. प्रत्येकीची झिका चाचणी करा, असे माझे म्हणणे नाही. परंतु एडिस डास दिवसा चावतो, झिका लैंगिक संबंधातूनही पसरतो आणि म्हणून पतीनेही काळजी घ्यायची असते, एवढे तरी त्यात छापायला हवे होते.

हे पॅकेज घेण्याची शिफारस मी करणार नाही. रुबेला आयजीजी स्वतंत्रपणे करून घेता येते. तेवढी घ्यावी, आणि वाचलेल्या पैशांतून समुपदेशकांची वेळ घ्यावी. आते-मामे भावंडांत लग्न झाले असेल, किंवा आधीच्या बाळात जन्मदोष आढळला असेल, तर समुपदेशनाला नक्की जावे. तिथे दोन्ही बाजूंच्या घराण्यांचा वैद्यकीय इतिहास विचारतात, म्हणून जाताना सासर-माहेरची माहिती आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.