पेन क्लिनिक, पुणे : कंबरदुखी आणि ट्रामाडॉलसाठी गेलो होतो

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. मणक्याचं ऑपरेशन झालं तरी कंबर दुखायची थांबली नाही आणि ट्रामाडॉल ही दुखणं कमी करणारी, अफूसारखी सवय लावू शकणारी गोळी मागे लागली. चिठ्ठीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त गोळ्या जाऊ लागल्या, तसं घरात जो तो म्हणायचा, "सवय लागलीय, बंद करा." इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं, एकदम बंद करायची नाही. घाम, तगमग, जुलाब सुरू होतात आणि घाबरून माणूस पुन्हा गोळीकडेच वळतो.

मला सगळ्यात पटलं ते समुपदेशक ताईंचं काम. त्यांच्याकडे दुखण्याची धास्ती मोजणारा १३ प्रश्नांचा फॉर्म आहे, ५२ पैकी गुण; गुण जास्त म्हणजे धास्ती जास्त. दुखणं कधी थांबणारच नाही असं वाटतं का, काहीतरी भयंकर होईल अशी धास्ती असते का, असं विचारतात. पण पहिल्यांदा तो बाहेर बाकावर, चारचौघांत भरून घेतला. ह्यांचं प्रत्येकाला एकच उत्तर, "नाही, बरंय." मग ताईंनी आत नेऊन दार लावून तेच विचारलं, तेव्हा गुण तिसाच्या वर गेले. हा फॉर्म बाहेर कुणाकडूनच भरून घेऊ नये, हे मी तिथेही सांगितलं.

नंतर वही दिली : गोळी किती वाजता, त्याआधी काय झालं. जादाची गोळी बहुतेक रात्रीच जायची. दिवे मालवले की "उद्या उठताच आलं नाही तर?" हा विचार सुरू. किंवा मुलाशी वाजलं असेल त्या दिवशी. कंबर त्या वेळी जास्त दुखत होती असंही नाही. ट्रामाडॉल मेंदूत मनःस्थितीशी संबंधित रसायनांवरही काम करते, त्यामुळे भीतीवरही थोडा वेळ उतारा मिळतो, हे डॉक्टरांनी समजावलं. ह्यांना कुणी व्यसनी म्हटलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

२०१८ पासून ही गोळी अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. आता चिठ्ठी एकाच डॉक्टरांची, दुकान एकच, डबा माझ्याकडे. हे आधी चिडले, मग रुळले. डोस हळूहळू उतरतोय.

समुपदेशनाचे वार ठरलेले आहेत, फोन करून जा. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या न्या, कारण नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ट्रामाडॉल धोक्याची ठरते. आणि घरचं माणूस सोबत असू द्या, ताई त्यांच्याशीही वेगळं बोलतात.