स्वस्तातले स्मार्ट घर: जळगावच्या एका उन्हाळ्यानंतर

दिवाळीत घेतलेल्या या उपकरणांनी आता जळगावचा पूर्ण उन्हाळा आणि वळिवाची वादळे काढली आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी सविस्तर लिहिता येईल. वायफाय प्लग, काही बल्ब, एक झिगबी हब (झिगबी या कमी विजेच्या बिनतारी पद्धतीची उपकरणे इंटरनेटला जोडणारा डबा), त्याला जोडलेला तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि बैठकीत अलेक्साचा स्पीकर, एवढाच पसारा आहे. खोक्यांवरची नावे वेगवेगळी असली तरी बहुतेक वस्तू तुया या कंपनीच्या यंत्रणेवर चालणाऱ्या निघाल्या आणि ‘स्मार्ट लाइफ’ या एकाच अॅपमध्ये बसल्या. स्वस्त वायफाय उपकरणांना सहसा 2.4 गिगाहर्ट्झचेच वायफाय चालते. राउटरने 2.4 आणि 5 ला एकच नाव दिले असेल तर जोडणी अडू शकते. नावे वेगळी करताच माझे काम झाले.

खरी परीक्षा लाईट गेल्यावर होते. एका कंपनीचे बल्ब लाईट परत येताच आपोआप पेटत आणि मध्यरात्री सगळे घर जागे होई. बल्बच्या सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर पूर्वीचीच स्थिती’ हा पर्याय सापडला तेव्हा हा त्रास संपला. खरेदीपूर्वी तो आहे की नाही हे जरूर पाहावे. दुसरी अडचण घड्याळाची. लाईट आली तरी इंटरनेट मिळेपर्यंत प्लगला वेळ कळत नाही आणि लावलेला टायमर हुकतो. म्हणून राउटर, फायबरचा डबा आणि हब हे तिन्ही इन्व्हर्टरवर घेतले.

सर्वाधिक उपयोग कूलरला झाला. वायरमनकडून पंख्याची आणि पाण्याच्या पंपाची वायर वेगळी करून घेतली आणि पंपाला स्वतंत्र प्लग दिला. रात्री पंप पंधरा मिनिटे चालू आणि दहा मिनिटे बंद राहतो. तेवढ्यात गवत ओले राहते आणि टाकीतले पाणी पहाटेपर्यंत पुरते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने ही बचत लहान नाही. जून लागल्यावर सेन्सरने आर्द्रता साठ टक्क्यांवर दाखवली की पंप बंद होतो आणि नुसता पंखा चालतो, कारण दमट हवेत ओल्या गवताचा उपयोग फारसा होत नाही. मात्र झिगबी सेन्सर आणि वायफाय प्लग यांची ही सांगड माझ्याकडे कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालते. नेट गेले की ती थांबते आणि पंपाचे बटण हातानेच दाबावे लागते. होम असिस्टंट ही मोफत प्रणाली असे काम घरातल्या घरात करू शकते, पण तिला सतत चालू राहणारा संगणक आणि स्थानिक नियंत्रण देणारी उपकरणे लागतात. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामायिक मानकाचा भरही स्थानिक नियंत्रणावरच आहे, म्हणून पुढचा प्लग मी त्याच चिन्हाचा घेणार आहे.

स्पीकरला मराठी येत नाही; आई त्याच्याशी हिंदीत बोलते आणि तो ऐकत नसला की अहिराणीत त्याची खरडपट्टी काढते.

गिझर 2000 वॉटचा असला तरी जवळजवळ नऊ अँपिअर घेतो, म्हणून त्याला 16 अँपिअरचाच प्लग लावला. पाण्याच्या मोटरला मात्र प्लग थेट लावू नये. सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते आणि प्लगच्या आतला रिले, म्हणजे छोटा स्विच, चिकटू शकतो. तिथे प्लगने फक्त कॉन्टॅक्टर (जास्त करंट सोसणारा मोठा स्विच) चालवायचा असतो. ते काम वायरमन कपाशीच्या पेरणीतून मोकळा झाला की होईल.