उल्फ अँडरसनच्या डावांची पीजीएन फाइल: घ्यावी, पण गाळून

स्वीडनचा बुद्धिबळपटू उल्फ अँडरसन 1972 साली ग्रँडमास्टर झाला. 1975 मध्ये मिलानला त्याने नवा जगज्जेता कारपोव्हला हरवलं, 1983 मध्ये नेदरलँड्समधली वाइक आन झी स्पर्धा जिंकली. एंडगेम, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा, शिकायला त्याच्या डावांसारखा खजिना नाही.

डावांच्या डेटाबेसमधून मिळणारी पीजीएन फाइल (डावाच्या चाली मजकुरात लिहून ठेवणारी) मात्र जशीच्या तशी वापरू नका. नुसत्या आडनावाने शोधलं तर भलतेच अँडरसन घुसतात, म्हणून पूर्ण नाव टाका. पत्राने खेळलेले डाव वेगळे काढा. त्या प्रकारातही तो ग्रँडमास्टर आहे, पण तिथला विचार दिवसांचा असतो. मग 25 चालींच्या आतल्या बरोबऱ्या उडवा. त्या भरपूर आहेत आणि शिकण्यासारखं त्यांत फारसं नाही.

उरलेल्यांत वजीर लवकर मारामारीत गेलेले डाव आधी घ्या. चाली तपासणारं संगणकी इंजिन बंदच ठेवा. ते 0.2, म्हणजे प्याद्याच्या पाचव्या हिश्श्याएवढीच आघाडी, दाखवतं आणि आपण 'बरोबरीच की' म्हणून पुढे सरकतो. अँडरसनचा खरा खेळ तिथेच सुरू होतो. राजा मध्यभागी आणणं, हत्तीने एकच कच्चं प्यादं धरून ठेवणं, घाई न करणं. प्रत्येक चाल झाकून स्वतः शोधा. फाइलीत टिपा नसतात, त्यामुळे अगदी नवख्यांना ती जड जाईल.