नवऱ्याला सांगायचंय: घरी, केंद्रात, की अजून थोडं थांबून?

गरोदर बाईचं नाव नोंदवलं की तिचं रक्त तपासतात आणि त्यातच एचआयव्हीचीही तपासणी होते. त्यामुळे बऱ्याच घरांत हा आजार पहिल्यांदा बाईच्या कागदावर दिसतो. नवऱ्याचं रक्त तोवर कुणी तपासलेलंच नसतं. मग सासर म्हणतं, ‘हिनेच आणलं.’ ठाण्यात समुपदेशक म्हणून बसताना सगळ्यात जास्त वेळा मला हेच समजावून सांगावं लागतं: ही तपासणी रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जे तयार करतं त्याची आहे. कुणाकडून कुणाला लागलं, कधी लागलं, हे त्या कागदावरून कळत नाही. नवऱ्याशी बोलायचा कुठलाही मार्ग निवडा, हे वाक्य तुमच्या तोंडी तयार असू द्या.

त्याआधी दोन गोष्टी. बोटाला टोचून केलेली एकच तपासणी म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणीच्या सरकारी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटवर तपासल्यावरच निदान पक्कं होतं, तोवर कुणालाच काही सांगू नका. आणि निदान पक्कं झालं की औषध लगेच सुरू करा. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारी, गोळी सुरू करायला नवऱ्याची परवानगी किंवा सही लागत नाही. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. वेळेत आणि नियमित औषध घेतलं तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. नवऱ्याला सांगायला महिना लागला तरी चालेल, गोळीला तेवढा वेळ देऊ नका.

घरी स्वतः सांगणं काही बायकांना सोपं जातं. नवरा समजूतदार असेल, वाईट बातमी ऐकून आधी गप्प बसणारा आणि मग विचारणारा असेल, तर ‘आधी मला सांगितलंस’ याचं त्याला मोल वाटतं. पण दिवा-कळव्याच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली डोळ्यांसमोर आणा. पडद्यापलीकडे सासू झोपलेली, भिंतीला कान. शिवाय तो लगेच विचारणार, ‘मग मला? बाळाला?’ रात्री अकरा वाजता त्याला उत्तर द्यायला तिथे तुमच्याशिवाय कुणी नसतं. तरीही घरीच सांगायचं ठरलं, तर दिवसा सांगा, तो प्यायलेला नसताना सांगा. डोहाळजेवणाला पाहुण्यांनी घर भरलेलं असेल, तो आठवडा टाळाच.

केंद्रात, समुपदेशकासमोर सांगण्याकडे माझा स्वतःचा कल आहे. खरी अडचण त्याला तिथवर आणण्याची. रबाळे-महापेच्या कंपनीत रोजंदारीवर असलेल्या माणसाचा एक खाडा म्हणजे एका दिवसाचे पैसे गेले. ‘बाळाच्या बापाचंही रक्त तपासायचंय, सिस्टरने दोघांना बोलावलंय’ एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि ते खोटंही नाही, जोडीदाराची तपासणी हा आमच्या कामाचाच भाग आहे. आधी त्याचं समुपदेशन, मग तपासणी, आणि बाई तयार असेल तरच दोघांचे निकाल एकत्र. दोघांनाही लागण असेल तर ‘हिनेच आणलं’ची धार तिथेच बोथट होते. त्याचा निकाल निगेटिव्ह आला तर मात्र प्रसंग अवघड असतो. तेव्हा बंद दाराच्या खोलीत तिसरं माणूस असणं फार उपयोगी पडतं. त्याची तपासणी ३ महिन्यांनी पुन्हा करायची, तोवर निरोध. तुमचं औषध नियमित चालून रक्तातले विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी झाले, आणि तसेच राहिले, की शरीरसंबंधातून त्याला लागण होत नाही. हे समुपदेशकाने त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं की त्याला पटतं.

एक प्रश्न तो विचारणारच: ‘तुला आधी माहीत होतं?’ तुमच्या पहिल्या रिपोर्टवर तारीख असते. आत्ताच कळल्याचं नाटक करू नका. ‘माहीत होतं, एकटीने सांगायची भीती वाटली, म्हणून इथे आणलं’ हे खरं उत्तर आहे आणि ते टिकतं.

दिराला, नणंदेला किंवा आईला मध्ये घालून निरोप धाडू नका. बातमी एका तोंडातून चार तोंडांत जाते आणि नवऱ्याला ती शेवटी कळते.

आता थांबण्याबद्दल. तो हात उगारतो, पूर्वी घराबाहेर काढलंय, अशी भीती असेल तर थांबणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे आणि कायदा तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात ते ठरावीक अटींवरच, आणि त्याआधी तुम्हाला कल्पना देऊन. पण सांगितल्याने बाईवर हिंसा होईल, तिला टाकून देतील किंवा तिच्या अथवा मुलांच्या जिवाला अपाय होईल अशी रास्त भीती असेल, तर त्यांनाही सांगता येत नाही. ही भीती समुपदेशकाला स्पष्ट शब्दांत सांगा, मनात ठेवू नका.

थांबण्याची किंमतही मोजा. तांदळाच्या डब्यात लपवलेली गोळी पाहुणे आले की चुकते. निरोधाचा आग्रह धरला की ‘पोटुशी असताना कशाला?’ असा सवाल येतो. बाळंतपणाला साताऱ्याला किंवा जळगावला माहेरी जायचं असेल, तर एआरटीची कागदपत्रं तिकडच्या केंद्रात वर्ग करून घ्यावी लागतात. आणि बाळ झाल्यावर त्याला किमान ६ आठवडे रोज औषध पाजायचं, सहाव्या आठवड्यात रक्त द्यायला न्यायचं, हे घरच्यांपासून लपत नाही. म्हणून माझं मत असं, की थांबायचं तर आठव्या महिन्यापर्यंत निदान एक विश्वासाचं माणूस तयार ठेवा. बहीण, आई, कुणीही. तिला सगळं माहीत हवं.

भीती असलेल्या घरात बोलण्याआधी एक पिशवी भरून त्याच माणसाकडे ठेवा: महिन्याची गोळी, रिपोर्टच्या झेरॉक्स, आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, रिक्षापुरते पैसे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, ११२ तातडीच्या मदतीची, १०९७ एचआयव्हीबद्दलच्या प्रश्नांसाठी. बाईला वकिलाची मदत फुकट मिळते, त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आणि ज्या दिवशी बोलणार असाल, त्या दिवशी सकाळीच आम्हाला सांगून ठेवा. संध्याकाळी तुमचा फोन आला नाही, तर आम्ही तुमच्या त्या विश्वासाच्या माणसाला फोन करू.