उमेदवारीचा अर्ज भरायचा की हरकतीचा? नाशिकच्या पर्यावरणवाल्यांसाठी एक ताळेबंद

2025च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तपोवनातल्या झाडांवरून नाशिक जेवढं पेटलं, तेवढं पर्यावरणाच्या प्रश्नावर ते बऱ्याच वर्षांत पेटलं नव्हतं. कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, तपोवनातल्या सुमारे 1,800 झाडांवर तोडीची महापालिकेची नोटीस लागली, हरकतींचा पाऊस पडला, लोक झाडांना कवटाळून उभे राहिले, अभिनेते सयाजी शिंदे आले आणि डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने) तात्पुरती स्थगिती दिली. त्याच्या पाठोपाठ 15 जानेवारी 2026ला महापालिकेची निवडणूक झाली. एरवी झाडाकडे मान वर करून न पाहणारे पक्षही त्या दोन महिन्यांत तपोवनात फोटो काढून गेले.

तेव्हापासून हुतात्मा स्मारकातल्या बैठका संपल्यावर बाहेर चहाला थांबलं की एक प्रश्न हमखास निघतो: दर वेळी गेटबाहेर घोषणा देण्यापेक्षा आत जाऊन बसायला काय हरकत आहे? पुढच्या महापालिका निवडणुकीला अवकाश आहे, म्हणजे नीट विचार करायला वेळही आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुका मात्र अधूनमधून कुठे ना कुठे लागतच असतात. ज्यांच्या मनात हे घोळतंय त्यांच्यासाठी दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघतो. माझं मत झुकलेलं आहे आणि ते मी लपवणार नाही.

आधी फाईल कुठे आहे ते बघा

ज्या गोष्टीसाठी तुम्ही धडपडताय, तिचा निर्णय नेमका कोण घेतो, हे आधी शोधून काढा. बाकी सगळं त्यावर ठरतं.

तपोवनचंच घ्या. महापालिकेची मुदत मार्च 2022मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक बसले. झाडांची नोटीस निघाली तेव्हा शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. झाडतोडीला परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष कायद्यानेच आयुक्त असतात. कुंभमेळ्यासाठी तर वेगळं प्राधिकरण आहे आणि त्याची सूत्रं मुंबईहून हलतात. अशा प्रकरणात तुम्ही नगरसेवक असता तरी सभागृहात एक जोरदार भाषण आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चौकट, यापलीकडे फारसं काही हाती लागलं नसतं. झाडं थांबली ती हरकतींनी, गर्दीने आणि लवादाने.

उलट शहरातून वाहणाऱ्या नासर्डी नदीत सोडलेलं गटाराचं पाणी बघा. मलजलवाहिनी कुठून टाकायची, त्यासाठी अंदाजपत्रकात किती तरतूद ठेवायची, ठेका कुणाला द्यायचा, हे सगळं महासभा आणि 16 जणांच्या स्थायी समितीच्या हातात असतं. इथे मोर्चाने फार तर पाहणी दौरा होतो. पैसा हलवायला आत माणूस लागतो.

डोंगर फोडण्याचं प्रकरण तिसऱ्याच दारात जातं. बेळगाव ढगाजवळच्या संतोषा-भागडी डोंगरांसाठी किंवा ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झालेल्या खोदकामाविरुद्ध जे भांडले, त्यांना तहसीलदार आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गौण खनिज (दगड, मुरूम वगैरे) शाखेचेच उंबरे झिजवावे लागले. तिथे नगरसेवकाला कुणी विचारत नाही. नदीत कारखान्याचं सांडपाणी येत असेल तर तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पूररेषा आखतं जलसंपदा खातं. हे टिपण आधी कागदावर करा. त्यातच अर्ध्या लोकांचा उमेदवारीचा उत्साह ओसरतो, आणि ते बरंच आहे.

नाशिकचं प्रभागाचं गणित

नगरसेवक व्हायचंच म्हणत असाल तर आता रोकडा हिशेब. 2011च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 14.86 लाख आणि नगरसेवक 122. म्हणजे डोकी मोजली तर एका नगरसेवकामागे साधारण 12 हजार लोक. ऐकायला हे आवाक्यातलं वाटतं. पण 2012ला दोन सदस्यांचे प्रभाग होते, ते 2017ला बहुतेक चार सदस्यांचे झाले आणि एकूण प्रभाग उरले 31. एका प्रभागात जवळपास 48 हजार लोकसंख्या, तीही जुन्या जनगणनेची. आज त्यात इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडच्या नव्या सोसायट्यांची भर घाला.

तुम्ही एका कॉलनीतलं उद्यान वाचवलं, दोनेकशे घरं तुम्हाला ओळखतात, ही चळवळीची कमाई. प्रभागात मात्र ती कमाई मिठासारखी विरघळून जाते. त्यात मतदाराला अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची असतात, आणि बहुतेक जण एकाच चिन्हाची चारही दाबून मोकळे होतात. 2017चा निकालच बघा: 122पैकी भाजप 66, शिवसेना 35 आणि अपक्ष 3. चांगल्या माणसाला लोक मत देत नाहीत असा याचा अर्थ काढायची गरज नाही. चौघांच्या पॅनेलमध्ये एकटा माणूस झाकला जातो, एवढाच याचा अर्थ.

म्हणून महापालिकेत अपक्ष म्हणून उभं राहायचा सल्ला मी सहसा देत नाही. एकच अपवाद: प्रभागातले वेगवेगळ्या वस्त्यांतले चार जण, चारही जागांच्या आरक्षणात बसणारे, एकत्र पॅनेल करायला तयार असतील तर. एक जण झोपडपट्टीतल्या पाण्यासाठी भांडणारी, एक कामगार संघटनेतला, एक रात्रशाळेचा मास्तर आणि एक तुमच्यासारखा झाडवाला. असं पॅनेल जमवायला दोन वर्षं लागतात. आरक्षणाची सोडत निघाल्यावर धावपळ करून ते जमत नाही.

पक्षाचं तिकीट हा दुसरा रस्ता. चिन्ह, यंत्रणा, बूथवरची पोरं, सगळं आयतं मिळतं. त्याची किंमत निवडून आल्यावर कळते: व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) निघाला की तुमच्याच नदीकाठच्या आरक्षण बदलाच्या ठरावाला हात वर करायची पाळी येते. पक्षाकडून एखाद्या विषयावर आधीच लेखी शब्द घेता आला तर घ्या. तिकिटाच्या चर्चेत तुमची किंमत सर्वांत जास्त असते, निकालानंतर ती उतरते.

निवडून आल्यावरची सकाळ

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर. सकाळी साडेसहाला पहिला फोन: घंटागाडी आली नाही. सातला: चेंबर तुंबलंय. सव्वासातला: आमच्या गल्लीतला दिवा आठवडाभर बंद आहे. मग शाळेच्या प्रवेशाची चिठ्ठी, रेशन कार्ड, सिव्हिलमध्ये खाट, साखरपुडा, दशक्रिया. गोदावरीचा विषय दुपारी तीनला निघतो, तोवर तुम्ही थकलेले असता. यात वाईट काही नाही. लोकांच्या दृष्टीने नगरसेवक याच कामासाठी असतो, आणि चेंबर उपसून घेणाराच नदीसाठी हाक देईल तेव्हा लोक येतात. पण ज्याला लोकांच्या बारक्या कामांचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊच नये. मला भेटलेल्या पर्यावरणवाल्यांपैकी निम्म्यांना तो कंटाळा आहे. पक्षी ओळखतात, शेजारी ओळखत नाहीत.

बाहेर राहून लढायचं तर

खर्चाच्या बाबतीत ही वाट फार स्वस्त. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत, 150 शब्दांच्या आत, एका वेळी एकच विषय. उत्तराला 30 दिवस. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क 1,000 रुपये, फक्त वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेलं पाहिजे. वकील पदरमोड करून उभा राहिला तर एका चांगल्या टू-व्हीलरच्या डाउन पेमेंटएवढ्यात प्रकरण सुरू होतं. प्रभागात एका दिवसाच्या चहा-नाश्त्याला त्याहून जास्त जातात.

यातलं खरं कसब हरकत लिहिण्यात आहे. "निसर्गाचा ऱ्हास थांबवा" असं लिहिलेल्या शंभर हरकती अधिकारी एका उत्तरात निकाली काढतो. प्रत्यक्ष झाडापाशी जायचं, खोडावर चिकटवलेल्या नोटिशीसकट फोटो काढायचा, झाडाचा क्रमांक, जात, छातीएवढ्या उंचीवरचा घेर टेपने मोजून लिहायचा. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे आणि तोडायच्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची आहेत. म्हणजे वयाचा आकडा हाच भांडणाचा मुद्दा. नोटिशीत वय कमी दाखवलंय का हे तपासा. मग महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, आवक शाखेत देऊन पोच घ्या. पोच नसेल तर पुढे कोर्टात तुमची हरकत नव्हतीच असं समजा.

या वाटेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. थांबवायला ती उत्तम, उभारायला लंगडी. गोदावरीच्या प्रदूषणावर 2012पासून उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, निरी या पर्यावरण संशोधन संस्थेला त्यात आणलं गेलं, आदेश निघाले. तरी उन्हाळ्यात पानवेली दिसतातच, कारण आदेशाची अंमलबजावणी रोजची असते आणि याचिकाकर्ता रोज घाटावर उभा राहू शकत नाही. स्थगिती हीही कायमची नसते. तपोवनवाल्यांनी हे विसरू नये.

लोकांच्या सवयी बदलायच्या असतील तर मात्र बाहेरची वाटच जिंकते. गणपती विसर्जनाला "देव द्या, देवपण घ्या" म्हणत विद्यार्थ्यांनी गोदाकाठी मूर्ती गोळा करायला सुरुवात केली, आणि आता मूर्ती संकलन हे महापालिकेचंही नेहमीचं काम झालंय. त्यासाठी कुणाला निवडून यावं लागलं नाही.

दोन्ही एकत्र?

"दोन्ही दगडांवर पाय ठेवू नये" असं लगेच सांगितलं जातं. नाशिकचा इतिहास जरा वेगळं सांगतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930ला सुरू झाला, त्यात पुढे असलेले दादासाहेब गायकवाड 1937ला मुंबई विधानसभेत गेले, 1957ला नाशिकमधून लोकसभेत गेले, आणि खासदार असतानाच 1959च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या आघाडीवर होते. मार्च 2018ला नाशिकहून मुंबईला चालत गेलेला किसान लाँग मार्च आठवा. वनजमिनीच्या मागणीसाठी निघालेल्या त्या मोर्चात पुढे चालणारे जे. पी. गावित तेव्हा कळवणचे आमदार होते. 2019ला ते पडले, तरी 2023ला पुन्हा मोर्चा घेऊन निघाले आणि वाशिंदला मुक्काम ठोकून सरकारला बोलणी करायला लावली.

या दोघांच्या मागे संघटना होती, हे विसरून चालणार नाही. पद गेलं तरी माणसं गेली नाहीत. तुमच्यामागे फक्त व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर उमेदवारी त्या ग्रुपचेही दोन तुकडे करते. ग्रुपमध्ये सगळ्या पक्षांचे लोक असतात, आणि नदीवर एकमत असलेली माणसं तुमच्या चिन्हावर एकमत होतीलच असं नाही. म्हणून उभं राहणाऱ्याने गटाची पदं आधीच सोडावीत, गटाने कुणाचा प्रचार करू नये, आणि गटाच्या नावाने काढलेले फोटो पत्रकावर छापू नयेत.

मला पटणारी वाट

तुम्ही गावात राहत असाल, किंवा गावाशी नाळ असेल आणि मतदार यादीत नाव तिथे असेल, तर ग्रामपंचायत लढवा. सदस्य 7 ते 17, वॉर्डात मतदार काही शे, घरोघरी पायी जाता येतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या पेसा गावांत (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या) तर ग्रामसभेचं वजन शहरातल्या कुठल्याही प्रभागापेक्षा जास्त. गौण खनिजाला ग्रामसभेची शिफारस लागते, आणि 2006च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दावाही तिथूनच जातो. डोंगर वाचवायचा असेल तर महापालिकेतल्या खुर्चीपेक्षा ग्रामसभेचं इतिवृत्त नीट लिहिणारा सदस्य जास्त कामाचा.

शहरवाल्यांसाठी मधली वाटही आहे. वृक्ष प्राधिकरणावर आणि प्रभाग समित्यांवर स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींची कायद्यात तरतूद आहे. आपल्याकडे पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड, पूर्व आणि पश्चिम असे सहा विभाग. या जागा कशा भरल्या, कुणाला दिल्या, रिकाम्या असतील तर का, याचा एक माहिती अधिकार अर्ज टाका. निवडणूक न लढवता आत बसायची एवढी स्वस्त जागा दुसरी नाही, आणि तिच्यावर कुणाचं फारसं लक्षही नसतं.

थोडक्यात कुणाला काय सांगेन? एकच झाड, एकच डोंगर, तोही येत्या सहा महिन्यांत वाचवायचा असेल तर बाहेर राहा. गटार, कचरा, बस, उद्यान अशा रोजच्या आणि पैशाच्या गोष्टी बदलायच्या असतील, लोकांची कामं करायची हौस असेल आणि पॅनेल जमत असेल तर महापालिका. बाकी गाववाल्यांनी ग्रामपंचायत. निव्वळ राग आलाय म्हणून उभं राहायचं असेल तर राग ओसरेपर्यंत थांबा.

आणि उभं राहायचं ठरलंच, तर कागदं आजपासून गोळा करा. मालमत्ता कराची थकबाकी ठेवू नका. आरक्षित जागा असेल तर जात पडताळणीच्या मागे आत्ताच लागा. 12 सप्टेंबर 2001नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर अर्ज बाद होतो, मग बाकी तयारी कितीही असो. आंदोलनात जमावबंदीचे गुन्हे दाखल झाले असतील तर त्यांचे क्रमांक पोलीस ठाण्यातून काढून ठेवा. गुन्हा दाखल असणं म्हणजे अपात्र ठरणं नव्हे, पण प्रतिज्ञापत्रात तो लिहायचा राहिला तर छाननीला समोरचा वकील तेवढ्यावरच तुम्हाला घरी बसवू शकतो.